एसजीचा नेक सारखा खाली जातो? शिसं नंतर भर, आधी बटण कुठे आहे ते बघ

प्रश्न थोडक्यात असा आलाय: सेकंडहँड एसजी टाइप (गिब्सन कंपनीच्या एसजी मॉडेलसारखी) इलेक्ट्रिक गिटार घेतली, बसून मस्त वाजते, पण पट्टा लावून उभं राहिलं आणि हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा कीज असलेला भाग, सरळ जमिनीकडे निघतो, महिन्याभरात डावा अंगठा दुखायला लागलाय, आणि कुणीतरी सांगितलंय की तारा आवळायच्या सगळ्या ट्यूनिंग कीज काढून हलक्या टाक नाहीतर बॉडीत शिसं भर. तर यातलं काय करू. कॉलेजात आहेस असं लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

आधी एवढंच सांगतो की दोन्ही करू नको, निदान आज तरी नाही. मी वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय आणि घरी दुरुस्तीला ज्या गिटारी येतात त्यात दर चार-दोन महिन्यांनी एक तरी नेक जड असलेली एसजी नाहीतर थंडरबर्ड (हेही गिब्सनचंच मॉडेल) टाइप बेस असतोच, आणि मालक येतानाच ठरवून आलेला असतो की वजन टाकायचंय. बहुतेक वेळा वजन लागतच नाही.

कावड बघितलीयस ना? खांद्यावर बांबू, दोन्ही बाजूला घागरी. पुढची घागर जड झाली तर कावडवाला मागच्या घागरीत पाणी ओतत बसतो का? नाही, तो बांबू थोडा सरकवतो, खांदा जड घागरीच्या जवळ आणतो आणि चालायला लागतो. गिटारचं अगदी तेच आहे. जड बाजू हेडस्टॉकची, मग टांगायची जागा हेडस्टॉककडे सरकली पाहिजे. टांगायची जागा म्हणजे पुढचं स्ट्रॅप बटण, पट्टा अडकवायची गुंडी.

आता एसजीमध्येच हे का होतं ते बघ. गिब्सनने हा आकार १९६१ साली काढला, तेव्हा त्याला लेस पॉलच म्हणायचे, एसजी हे नाव नंतर पडलं. महोगनीची पातळ बॉडी, जेमतेम ३५ मिलीमीटर जाडीची, दोन्ही बाजूंनी खोल कापलेली, त्यामुळे वरच्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) हात आरामात जातो, आणि नेक बॉडीच्या अगदी टोकाला जोडलेला, म्हणजे जवळपास सगळाच्या सगळा नेक बॉडीबाहेर. त्यात पुढचं बटण कुठे, तर गिटारच्या पाठीला, नेक जिथे बॉडीला मिळतो त्या टाचेवर. म्हणजे बघ, मागची बाजू हलकी केली, पुढची बाजू लांब केली आणि टांगायचा खिळा मागे ठोकला. एसी/डीसीचा अँगस यंग आणि ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी यांनी आयुष्य काढलं या गिटारवर, म्हणजे गिटार वाईट आहे असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही, पण तोल हा तिचा गुण नाही.

याच्या उलट फेंडरचं बघ. १९५१ चा प्रिसिजन बेस आणि १९५४ ची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार), दोघांनाही वरचं शिंग लांबलचक. लोकांना वाटतं ते दिसायला छान म्हणून. स्ट्रॅटमध्ये त्या शिंगाच्या टोकावरचं बटण साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत येतं आणि गिटारचा तोल असतो त्याच्या बराच मागे, नेक जोडलेल्या जागेच्या आसपास. दोन्ही बटणांच्या मधोमध वजन आलं की गिटार निवांत लटकते, हात सोड नाहीतर टाळ्या वाजव.

तुझ्या गिटारचं नेमकं किती बिघडलंय हे मोजायला पैसे लागत नाहीत. खाली गादी किंवा उशी ठेव, पट्टा काढ, आणि नेकच्या मागून एका बोटावर गिटार आडवी तोलून बघ, बोट पुढे-मागे करत. जिथे ती आडवी राहते तो तोलबिंदू. तिथे मास्किंग टेपचा तुकडा लाव, मग पुढचं बटण त्या टेपपासून हेडस्टॉकच्या दिशेला किती पुढे आहे ते पट्टीने मोज. माझा अनुभव असा की बटण ८-१० सेंमी पुढे असलं तर काही तक्रार येत नाही, ४-५ सेंमी असलं तर चांगल्या पट्ट्यावर भागून जातं, आणि बटण टेपच्या जवळपास किंवा टेपच्याही मागे असलं तर नेक पडणारच, त्यात गिटारचा दोष नाही आणि तुझाही नाही. एसजीमध्ये हे अंतर बहुतेक वेळा नावालाच असतं. आणखी एक खूण, गिटार अडकवून उभा राहा आणि मागच्या बटणाकडचा पट्टा चिमटीत धरून बघ, तो ढिला असेल तर सगळं वजन पुढच्या एकाच बटणावर लटकतंय.

मोजून झालं की पहिली गोष्ट, हेडस्टॉकवर जे काही लटकवलंयस ते काढ. हसू नको, मी खरंच सांगतोय. क्लिप-ऑन ट्यूनर आणि कॅपो (पट्टी वर न्यायला नेकवर लावतात तो चिमटा), हे दोन्ही लोक हेडस्टॉकला चिकटवून ठेवतात आणि मग नेक जड आहे म्हणून रडतात. हेडस्टॉक तोलबिंदूपासून अर्धा मीटर लांब आहे आणि बॉडीत वजन टाकायची जागा त्याच्या निम्म्या अंतरावर, म्हणजे हेडस्टॉकवरचा १ ग्रॅम हा मागच्या २ ग्रॅमबरोबर. ५० ग्रॅमचा कॅपो तिथे लावून ठेवलास तर तो खोडायला मागे १०० ग्रॅम टाकावे लागतील. कॅपो खिशात ठेव नाहीतर माइक स्टँडला लाव.

दुसरं, पट्टा. सीटबेल्टसारखा गुळगुळीत नायलॉनचा पट्टा असेल तर तो अशा गिटारसाठी एकदम चुकीचा आहे कारण तो खांद्यावरून सरकतो आणि गिटारला पडायला वाट करून देतो. रुंद पट्टा घे, अडीच-तीन इंच, आणि आतून खरखरीत चामडं असलेला, ज्याला स्वेड म्हणतात तो. जुना पट्टाच वापरायचा असेल तर ड्रॉवरमध्ये टाकतात ती जाळीदार रबरी शीट मिळते, तिचा वीतभर तुकडा खांद्याच्या जागी आतून शिवून घे, कोपऱ्यावरचा चपलावाला दोन मिनिटांत शिवून देतो. फक्त एक, गिटारला नायट्रो लॅकरचं फिनिश असेल तर रबर किंवा रेक्झिन तिच्या अंगाला टेकून ठेवू नको, पट्टा काढून वेगळा ठेव, त्या फिनिशला रबर आणि व्हिनाइल बाधतं आणि डाग पडतात, चिकट होतं. स्वस्तातल्या गिटारींना शक्यतो पॉलीचं फिनिश असतं, त्यांना ही भीती नाही.

पण पट्ट्याचं औषध कुठपर्यंत चालतं तेही ऐक. चिकटून बसणारा पट्टा तोल सुधारत नाही, तो फक्त घसरणं थांबवतो. ओढ तशीच राहते, ती आता तुझ्या शर्टावर येते. तासाभराने कॉलर एका बाजूला गेलेली असते आणि मानेला पट्टा काचतो. आणि शर्टावर सगळं अवलंबून, सुती शर्टावर जो पट्टा पक्का बसतो तोच सिल्कच्या कुर्त्यावर घसरगुंडी करतो. गणपतीतल्या शोला आम्हाला सगळ्यांना सिल्कचे कुर्ते घालायला लावायचे, आणि माझ्याकडे त्या वर्षी एका मित्राची एसजी कॉपी होती, तिसऱ्या गाण्यापर्यंत माझा डावा हात वाजवतोय कमी आणि नेक धरतोय जास्त असं झालं. ब्रेकमध्ये ढोलकीवाल्या काकांनी काय केलं, पायजम्याची नाडी घेतली, एक टोक मागच्या बटणाला आणि दुसरं माझ्या पँटच्या बेल्टच्या लुपीला बांधलं. नेक खाली जायचा तर गिटारची शेपटी वर उठावी लागते, ती उठेनाच! अख्खा शो निघाला. अडचण फक्त एवढीच की कीबोर्डवाल्याकडे वळायचं तर कमरेसकट वळायचं. आजही कुणाची गिटार स्टेजवर ऐनवेळी त्रास देत असेल तर मी हाच उपाय सांगतो, घरी रोज करायचा नाही हा.

आता खरा इलाज, बटण हलवणं. एसजीमध्ये टाचेवरचं बटण सोडून वरच्या शिंगाच्या टोकाला नवीन बटण लावायचं. साधारण दीड-दोन इंच मिळतात, आकारागणिक कमीजास्त. कमी वाटतं ना? हिशोब करून बघ. गिटार २.९ किलोची धर आणि वजन टाकायला कंट्रोल कॅव्हिटी (बॉडीत वायरिंगसाठी कोरलेला खड्डा) तोलबिंदूपासून २५ सेंमीवर. तोलबिंदू नुसता २ सेंमी मागे न्यायला तिथे पाव किलो टाकावं लागतं. पाव किलो! आणि बटण हलवून तू एका स्क्रूच्या किमतीत ४-५ सेंमी मिळवतोस. मी वजनाच्या मागे का लागत नाही ते यावरून कळेल. आणि दुसरा फायदा असा की टाचेवरचं बटण पाठीला असल्यामुळे गिटार पुढे झुकते, तोंड जमिनीकडे करते, ते शिंगावर बटण आलं की पुष्कळ कमी होतं.

हे काम घरी करता येतं, पण घाईने करायचं नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा टेप न लावता ड्रिल टेकवलं आणि नाण्याएवढा रंग उडवला, वर भोक तिरकं. एसजीचं शिंग टोकाला निमुळतं आणि कडांना तासलेलं असतं, तिथे लाकूड कमी आहे, त्यामुळे भोक जाडीच्या बरोबर मध्यावर आणि आत सरळ जायला पाहिजे, जरा कलतं गेलं की स्क्रूचं टोक पुढून नाहीतर मागून डोकावेल. जागा ठरवायला आधी दोरीने बांधून बघ, नुसती सुतळी शिंगाच्या टोकाला गुंडाळ, पट्टा तिला अडकव, आरशासमोर उभा राहा, फरक पटला तरच पुढे जा. मग तिथे मास्किंग टेपचे दोन थर, पेन्सिलीने खूण, खिळ्याने हलकी टोच. ड्रिल बिट कुठला घ्यायचा, तर स्क्रूच्या मधल्या दांड्याएवढा, आट्यांएवढा नाही. स्क्रू बिटच्या मागे धरला तर दोन्ही बाजूंनी फक्त आटे दिसायला हवेत. पहिल्यांदा ड्रिल उलट्या दिशेने हलकेच फिरव म्हणजे फिनिश सोलून निघतं, कपचा उडत नाही, मग सुलट. खोली किती ते बिटला टेपची पट्टी गुंडाळून ठरव. बटणाखाली नमद्याची छोटी चकती घाल. जुनं बटण काढू नको, आहे तिथे राहू दे, पुढे विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला काय हवं ते तो वापरेल.

कुठल्या गिटारवर हे करायचं नाही तेही सांगतो. साठ-सत्तरच्या दशकातला ओरिजिनल पीस कुणा काकांकडून मिळाला असेल तर एकही नवं भोक नको, पट्टा आणि नाडीवर भागव. आणि आतून पोकळ असलेल्या गिटारी, ३३५ टाइपच्या, त्यांच्या शिंगात भरीव लाकूड नसतं, तिथे स्क्रू पकडच घेणार नाही, त्या माहितगार माणसाकडेच ने. तुझी कॉपी असेल आणि नेक स्क्रूने जोडलेला असेल तर काहीजण नेकप्लेटच्या एका स्क्रूखाली बटण लावतात. भोक पाडावं लागत नाही हे खरं, पण जुन्यापेक्षा बटणाच्या जाडीएवढाच जास्त लांब स्क्रू लागतो, त्याहून लांब घातला तर तो फिंगरबोर्ड फोडून वर येतो. असा एक नेक माझ्याकडे आला होता, पोराने पेचकस फिरवत ठेवला, कट्ट आवाज झाला तरी फिरवत राहिला. आणि इतकं करूनही तुझ्या आकारात त्याने बटण पुढे फारसं जात नाहीच.

एवढं करूनही थोडं कमी पडत असेल तर मग वजन, आणि तेही थोडंसं. जाळ्याला लावायचं शिसं कोळीवाड्यात मिळतं आणि लोक तेच सुचवतात, पण मला त्यापेक्षा गाडीच्या चाकाला चिकटवायच्या वजनपट्ट्या आवडतात, व्हील अलाइनमेंटवाल्याकडे ५-५ आणि १०-१० ग्रॅमचे तुकडे चिकटपट्टीसकट मिळतात, हवे तेवढे तोडायचे. आधी बॉडीच्या मागच्या टोकाला बाहेरून मास्किंग टेपने लावून दोन दिवस वाजव, किती पुरतात ते कळेल, मग कंट्रोल कॅव्हिटीत मागच्या बाजूला. आत चिकटवताना वरून इन्सुलेशन टेप लाव, नाहीतर पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या खटक्याच्या) पायाला टेकलं की आवाज गायब आणि तू आठवडाभर वायरिंग शोधत बसशील. शिसं हाताळलं तर हात धू, आणि तासत-कापत बसू नको. वायरलेस वापरत असशील तर त्याचा डबा कमरेला न लावता पट्ट्यावरच, मागच्या बटणाच्या अगदी जवळ लाव, फुकटचं वजन आहे. आणि एक गंमत, टोन सुधारेल म्हणून लोक जड झिंकचा टेलपीस (तारांची मागची टोकं अडकतात तो भाग) काढून ॲल्युमिनियमचा घालतात. टोनचं तू ठरव, पण एसजीवर तो बदल म्हणजे मागचं वजन आपल्याच हाताने काढून टाकणं. बिग्सबीसारखा ट्रेमोलो मात्र जड असतो, तो लावलेल्या एसजी मी तोलात बऱ्या बघितल्यात, पण त्याची किंमत बघता नुसत्या तोलासाठी कुणी घेऊ नये.

ट्यूनिंग कीज बदलायचा सल्ला चुकीचा नाही, फक्त रांगेत शेवटचा. बंद पेटीच्या ग्रोव्हर टाइप कीज जड असतात, पातळ पत्र्याच्या झाकणाच्या क्लूसन टाइप हलक्या. समजा सहा मिळून ८० ग्रॅम वाचले, तर वरच्याच हिशोबाने तोलबिंदू दीडेक सेंमी मागे येतो, म्हणजे फरक आहे. पण भोकांचा व्यास वेगळा निघतो, मागच्या स्क्रूंची जागा वेगळी निघते, जुन्या कीजचे ठसे दिसतात, आणि पैसे जातात ते वेगळेच. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक की काढून तोलून बघ. धातूच्या कानांऐवजी प्लॅस्टिकचे कान बसत असतील तर नुसते कान बदलूनही थोडं काम होतं.

आता अंगठा. नेक पडतो म्हणून अंगठा दुखतो हे अर्धंच खरं आहे. डावा हात नेक उचलून धरायला नाहीये, तो फक्त दाबायला आहे, पण महिनाभर तू त्याला हमाल केलंयस आणि त्याला सवय लागलीय. बटण हलवल्यावरही तो उचलतच राहील बघ. म्हणून रोज सुरुवातीला पाच मिनिटं अंगठा नेकला न लावता साधं एखादं कॉर्ड दाबून वाजवायचं, बळ उजव्या कोपराकडून आलं पाहिजे, कोपरापुढचा हात बॉडीच्या वरच्या कडेवर टेकवला की गिटारची शेपटी आपोआप खाली दाबली जाते आणि नेक वर येतो. पट्टाही थोडा आखूड कर, गिटार पोटापाशी, नेक वर कललेला, साधारण पंचेचाळीस अंशांकडे. नेक जितका आडवा तितकं त्याचं ओझं जास्त, कलला की तेच वजन कमी ओढतं. गुडघ्यापर्यंत गिटार सोडून वाजवणं फोटोत भारी दिसतं, मनगट मात्र वाकडं होतं. आणि हे सगळं करूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणं गेलं नाही, किंवा बोटांना मुंग्या येतात असं असेल तर गिटार बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, तिथे मी काही सांगणार नाही.

शेवटचं, पण खरं तर हे आजच कर. नेक जड असलेल्या गिटारचा पट्टा बटणावरून निसटला तर ती आधी हेडस्टॉकवर पडते, आणि गिब्सन धाटणीचा हेडस्टॉक १७ अंश मागे झुकलेला, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) मागे ट्रसरॉडसाठी, म्हणजे नेकमधल्या लोखंडी सळईसाठी, लाकूड कोरलेलं, तिथेच मोडतो. माझ्याकडे येणाऱ्या मोडक्या नेकमध्ये निम्म्याहून जास्त तिथेच मोडलेले असतात. शालर किंवा डनलॉपचे स्ट्रॅप लॉक मिळतात, मुंबईत धोबी तलावला गेलास तर फुर्ताडोसमध्ये विचार, आणि नवीन बटण लावणारच असशील तर सरळ लॉकवालंच बटण लाव म्हणजे दोनदा स्क्रू फिरवायला नको. लॉकसोबत येणारा स्क्रू कधी कधी जुन्यापेक्षा बारीक असतो, मागच्या जुन्या भोकात ढिला बसला तर टूथपिकचे तुकडे फेविकॉलमध्ये बुडवून आत भर, रात्रभर वाळू दे, मग बसव. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते आणि लॉकचे स्क्रू गंजतात, तेव्हा महिन्यातून एकदा लॉकचे नट हाताने आवळून बघत जा.

तू आधी टेप लावून अंतर मोज आणि किती सेंमी आलं ते कळव, शक्य असेल तर शिंगाचा बाजूने काढलेला फोटो पण, म्हणजे भोक कुठे घ्यायचं ते सांगता येईल. आणि ड्रिल करायची वेळ आली तर स्क्रू आत घालायच्या आधी त्याच्या आट्यांवर मेणबत्ती घासायला विसरू नको, महोगनीत कोरडा स्क्रू अर्ध्यात तुटला की तो काढायला माझ्यासारख्याकडेच यावं लागतं.